रस्त्याकडे खालून पाहणारे

महामार्गाचे संकल्पचित्र नावाची एक चीज असते. ती तुम्ही वर्तमानपत्रात हमखास पाहिलेली आहे. वर निळेभोर आकाश, त्याखाली रेशमी फितीसारखा वळत गेलेला रस्ता, त्यावर शिस्तीत धावणाऱ्या बारा-पंधरा मोटारी (मालट्रक एकही नाही) आणि दोन्ही कडांना एकाच साच्यातून काढलेली झाडे. चित्रात पावसाळा नसतो, खड्डा नसतो, चहाची टपरी नसते, आणि माणूस तर औषधालाही नसतो. हे सारे पाहिलेले असते आकाशातून. पूर्वी घारीच्या डोळ्याने म्हटले असते, आता ड्रोनच्या म्हणू.

बँकेत असताना कर्जाच्या प्रस्तावांना जोडून येणारी अशी रंगीत चित्रे मी ढिगाने पाहिली. चित्र जितके देखणे, तितके आतले आकडे डोळ्यांत तेल घालून वाचायचे, असा आमच्यात एक अलिखित नियम होता. महामार्गाच्या चित्राबद्दल माझी तक्रार मात्र आकड्यांची नाही. ते चित्र खोटे असते असेही मी म्हणणार नाही. पण ते जिथे उभे राहून काढले आहे तिथे कोणी राहत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्यांना तो रस्ता पुढली पन्नास-साठ वर्षे रोज पाहायचा आहे, ते सगळे खाली राहतात.

उमेळ्याचे उदाहरण घेऊ. वसई रोड आणि नायगाव या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात, रुळांच्या पश्चिमेचे हे गाव. लोकलच्या दारात लोंबकळणारा प्रवासी त्याला दोन मिनिटांत मागे टाकतो. पण गावातला माणूस सकाळी बाहेर येऊन उभा राहिला की त्याला काय काय दिसते? पूर्वेला रुळांपलीकडे, नव्या इमारतींनी अजून जिथे वाट अडवलेली नाही तिथून, तुंगारेश्वर-कामणदुर्गाची निळसर रांग. दक्षिणेला खाडीकडचे खाजण आणि मिठागरांचा सपाट उजेड. पश्चिमेला नारळीचे आणि ताडाचे शेंडे, त्यांतून डोकावणारा एखादा कळस नाहीतर चर्चचा मनोरा. पाऊस कुठून चढतो आहे, भरतीचे पाणी कुठवर आले आहे, हे त्याला नजरेने कळते. ही नजर त्याने विकत घेतलेली नाही. तिचा सातबारा नाही. म्हणून भूसंपादनाच्या तक्त्यात तिला रकानाही नाही.

आता वसई तालुक्यात येऊ घातलेल्या रस्त्यांकडे पाहा. नवघरपासून पेण तालुक्यातल्या बलवलीपर्यंत सुमारे ९६ किलोमीटरचा विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेचा पहिला टप्पा. पूर्व पट्ट्यातून जाणारा मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. समुद्रातून उत्तन ते विरार असा चोवीस किलोमीटरच्या आसपासचा सागरी सेतू आणि त्याला वसईशी जोडणारा रस्ता. भाईंदर-नायगाव खाडीपुलाचे तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. बुलेट ट्रेनचे खांब वेगळेच. यातले काही बांधले जात आहे, काही कागदावर आहे. कुठला रस्ता नेमका कोणाच्या परसातून जाईल हा या लेखाचा विषय नाही. पण उमेळे आणि त्याच्यासारखी गावे पुढल्या दहा-पंधरा वर्षांत चारही दिशांनी काँक्रीट पाहणार आहेत, हे सांगायला ज्योतिषी नको.

रस्ते नकोतच म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे इथेच सांगून टाकतो. वसईकराला मुंबईत मोटारीने जायचे तर खाडी ओलांडायला महामार्गावरचा पूल हाच मुख्य आधार. २०१३ च्या अखेरीस त्या वर्सोवा पुलाच्या तुळईला तडा गेला, तेव्हा हा आधार किती तोकडा आहे ते साऱ्या तालुक्याला कळले. शेजारचा नवा पूल वाहतुकीला खुला व्हायला २०२३ साल उजाडले. कोंडीत तासन्‌तास अडकलेल्या रुग्णवाहिकेत ज्याचे माणूस असते त्याला ‘निसर्गरम्य वसई’ ऐकवायला जाऊ नये. रस्ता हवाच. मुद्दा आहे तो कसा दिसावा हे ठरवायच्या वेळी खोलीत कोण असते, याचा.

‘दिसावा’ हा शब्द उच्चारला की अधिकारी हसतात. मनातल्या मनात का होईना, हसतात. इथे जमिनीच्या मोबदल्याचे भांडण मिटता मिटत नाही आणि या गृहस्थांना सौंदर्याची पडली आहे! दिसणे म्हणजे श्रीमंतांचा चोचला, पोट भरल्यावरचा विषय, असे आपण सगळ्यांनीच धरून ठेवले आहे. त्याचे एक कारण असे की दिसण्याची चर्चा आपल्याकडे होते ती श्रीमंतांच्या वस्तीत. २०१५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गहजब झाला ते आठवून पाहा. राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून लेख आले, राजकीय पक्ष भांडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी तिथे पुन्हा पिवळसर उजेड आला. चांगले झाले. मलाही तो पांढरा उजेड इस्पितळातल्यासारखा वाटला होता. पण जिथे दिव्याच्या रंगावर शहर भांडू शकते, तिथून पन्नास किलोमीटरवरच्या गावात रस्त्याच्या उंचीबद्दल अवाक्षर काढायची सोय असू नये?

सोय नाही, हे मी कायदा पाहूनच म्हणतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्यातल्या ३-ग कलमाखाली अधिसूचनेपासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते. ती घेता येते कोणाला? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला. म्हणजे ज्याची जमीन जाते तो बोलणार, आणि जमीन गेली की तो बहुधा तिथून उठणारही. ज्याची गुंठाभरही जात नाही, पण ज्याच्या ओट्यासमोर तो रस्ता जन्मभर उभा राहणार, त्याचा हितसंबंध कायद्याला दिसत नाही. दुसरी जागा पर्यावरणाच्या जनसुनावणीची. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवसांची सूचना द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवायचा, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांनी अध्यक्षस्थानी बसायचे, सारे चित्रित करायचे. कागदावर हे सगळे उत्तम आहे. पण ही सुनावणी साऱ्याच रस्त्यांना लागू नाही. सध्याच्या महामार्गाचे रुंदीकरण शंभर किलोमीटरच्या आत असेल तर ते त्या चाळणीतून अलगद निसटते. आणि जिथे सुनावणी होते तिथेही भिंतीवर चिकटवलेले असते ते वरचेच आकाशातले चित्र. एखादी म्हातारी उठून विचारते, ‘‘साहेब, माझ्या दारातून काय दिसेल?’’ साहेब अदबीने म्हणतात, ‘‘आजी, सर्व्हिस रोड दिलेला आहे.’’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही असे नाही. ते अगदी साध्या हिशोबात देता येते. महामार्गाखालून मोठे वाहन जायचे तर साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. त्यावर स्लॅबची आणि तुळयांची जाडी धरली की रस्ता सात मीटरवर जातो. वर कठडा, कठड्यावर कधी ध्वनिरोधक पत्रे. म्हणजे कौलारू घरासमोर दोन मजल्यांहून उंच असे काहीतरी उभे राहणार. ते ‘काहीतरी’ काय, हा खरा प्रश्न. खांबांवर उभा केलेला पूल असेल तर खालून वारा जातो, गुरे जातात, पलीकडला डोंगर तुकड्यातुकड्यांनी का होईना दिसत राहतो. मातीचा भराव असेल तर दोन्ही बाजूंना उतरण लागते. एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा या मानाने सात मीटरच्या भरावाला प्रत्येक बाजूला चौदा मीटर जमीन जास्त खावी लागते. तेवढी जमीन महाग पडते म्हणून मग उतरण रद्द करून दोन्ही अंगांना काँक्रीटच्या फरश्यांची सरळ भिंत चढवतात. आपल्याकडे शहरांतल्या उड्डाणपुलांच्या टोकांना ज्या भिंती असतात, त्याच या. भिंत स्वस्त, लवकर होणारी, आणि वरून जाणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. ती फक्त खालच्याला दिसते.

आणि वसईत ती दिसण्यावर थांबत नाही. आमचा तालुका म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली उथळ परात. पूर्वेचे पावसाचे पाणी पश्चिमेला आणि खाडीला जायला पाहते, भरतीचे पाणी उलट आत यायला पाहते. या देवाणघेवाणीवर जुन्या लोकांनी बांध घातले, उघाड्या ठेवल्या, वाड्यांमधून बावखले राखली. त्या परातीत पहिली आडवी भिंत घातली ती १८६० च्या दशकात आलेल्या रेल्वेने. तिने निदान मोऱ्या ठेवल्या. त्यानंतर आपण भराव घालत गेलो, बावखले बुजवत गेलो, आणि २०१८ च्या जुलैत काय झाले ते वाचकांना आठवत असेल. रूळ पाण्याखाली, लोकल बंद, मिठागरातली माणसे अडकलेली, आणि पाऊस थांबला तरी पाणी जागचे हलेना. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, तज्ज्ञ आले. उमेळ्याच्या शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवली असती. जिथून पलीकडचे दिसत नाही, तिथून पाणीही जात नाही. नजर अडते तिथे पाणी अडते, हा सपाट मुलखाचा अनुभव आहे. म्हणून ‘रस्ता कसा दिसणार’ हा प्रश्न इथे विचारला की त्यातच ‘पाणी कसे जाणार’ हा प्रश्न येऊन जातो. आमच्याकडे पुसटसा का होईना पण दिसणारा डोंगर हे मोरी पुरेशी असल्याचे चिन्ह आहे.

हे वसईपुरते आहे असेही नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. तेव्हापासून तिथले लोक भरावाला विरोध करून खांबांवरचा रस्ता मागत आहेत. त्यांना कोणी वास्तुशास्त्राच्या वर्गात बसवले नव्हते. भिंत कशी दिसते आणि काय करते, हे त्यांनी घराच्या माळ्यावर बसून पाहिले.

खांब महाग पडतात, हे खरे. भरावाच्या कित्येक पटींनी. इथे माझा जुना धंदा आडवा येतो म्हणून एक शंका मांडतो. प्रकल्पाचा खर्च लिहिताना आपण खांबाचा खर्च पहिल्या पानावर लिहितो. भराव घातल्यामुळे पुढे तीस वर्षे दर पावसाळ्यात वाहून जाणारे भात, बंद पडणारी शाळा, भिजलेले धान्य, उपसा करणारे पंप, हे कोणत्या पानावर लिहितो? कुठल्याच नाही. तो खर्च गावाच्या नावे टाकलेला असतो, आणि गावाने कर्जाच्या कागदावर सही केलेली नसते. एखाद्या कारखानदाराने आपला निम्मा खर्च असा शेजाऱ्याच्या खात्यावर टाकून प्रस्ताव आणला असता, तर आमच्या शाखेने त्याला चहासुद्धा विचारला नसता.

दिसण्याबद्दल सरकार अगदीच उदासीन आहे असे कोणी समजू नये. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंना गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून ध्वनिरोधक लावले आहेत, आणि पुलावरून अणुसंशोधन केंद्राचा परिसर दिसू नये म्हणून काही भागात नजर अडवणारे पडदे उभारले आहेत. दोन्ही गोष्टी रास्तच. पण याचा अर्थ असा की पुलावरून काय दिसावे, पुलाचे कोणाला काय ऐकू जावे, याचा विचार करायला आपल्या अभियंत्यांना उत्तम येते. पक्ष्यांसाठी केला, राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी केला. गावासाठी करायला कोणी सांगितलेच नाही, इतकेच.

सांगितले की काय होते, हे वरळीच्या कोळ्यांनी दाखवले आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाला वरळीजवळ दोन खांबांत साठ मीटर अंतर ठरले होते. कागदावर पाहता भरपूर! पण लाटेवर डुलणारी होडी घेऊन त्या दोन खांबांमधून रोज जायचे कोणाला आहे? कोळी म्हणाले, हे अंतर आम्हाला पुरणार नाही. काम अडले, बैठका झाल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरात एक खांब कमी करून अंतर एकशेवीस मीटर करण्याचा निर्णय झाला. त्यांची मागणी याहून मोठी होती, ती पुरी झाली नाही. पण पुलाचा चेहरा बदलला तो खालून पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून. वाईट याचेच वाटते की हे सगळे काम सुरू झाल्यावर झाले, भांडून झाले. उत्तन-विरार सेतूला आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहेच. त्यांच्याशी बोलायचे ते खांब रोवल्यावर की आधी, हे ठरवायला अजून वेळ आहे.

लोकांचे मत घेण्याऐवजी आपल्याकडे एक निराळा विधी होतो. त्याचे नाव सुशोभीकरण. रस्ता पुरा झाला, निधीत थोडे उरले, की खांब रंगवायचे. पालघर जिल्हा म्हटल्यावर खांबांवर वारली चित्रे आलीच. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे. मला ही चित्रे मनापासून आवडतात, म्हणूनच ती खांबावर पाहिली की कसेसे होते. ज्यांच्या झोपडीच्या भिंतीवर, लग्नाच्या चौकात, तांदळाच्या पिठाने ती निघाली, त्यांची शेते रस्त्यात गेली. आणि आता त्यांची नाचणारी माणसे तेवढी धूर खात खांबाला चिकटून आहेत. शिवाय पुढच्या नाक्यावर ‘आय लव्ह’ असे लिहिलेली तांबडी अक्षरे, एक कोरडे कारंजे, आणि लोखंडी कुंपणात कोंडलेली हिरवळ. भिंत भिंतच राहते. तिला पावडर लावली जाते. दिसण्याचा विचार शेवटच्या लाखात करायचा नसतो, पहिल्या रेघेला करायचा असतो. रस्ता किती उंच, कुठे वळतो, कुठे मोकळा सोडतो हे ठरले की तो कसा दिसणार ते नव्वद टक्के ठरून गेलेले असते. उरलेल्या दहा टक्क्यांत रंगाचा डबा येतो.

भुयारी वाटांचेही तसेच. रुंद महामार्गाखालून गावकऱ्यांसाठी जी वाट ठेवतात ती नकाशात दोन छोट्या रेघांनी दाखवलेली असते. प्रत्यक्षात ते चाळीस-पन्नास मीटर लांबीचे, ठेंगणे, पावसात गुडघाभर पाण्याचे बोगदे होतात. शिकवणीहून संध्याकाळी परतणारी मुलगी त्याच्या तोंडाशी उभी राहून एकच गोष्ट पाहते, पलीकडचे टोक दिसते का. दिसत नसेल तर ती रस्त्याच्या वर चढते आणि भरधाव गाड्यांमधून पळत जाते. मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. बोगद्याची उंची मीटरभर वाढवली असती, मध्ये दुभाजकाच्या जागी वरून उजेडाला फट ठेवली असती, तर ती खालूनच गेली असती. हे सुचायला आठवडाभर एखाद्या मुलीबरोबर चालावे लागते. आकाशातून सुचत नाही.

दिव्यांची गोष्ट तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. उंच खांबावरचे प्रखर दिवे वाहनचालकाला हवेतच, पण ते उजेड सांडतात शेतात. शेवंतीचे झाड दिवस लहान झाल्याची खूण घेऊन कळी धरते. रात्रभर डोक्यावर दिवा राहिला तर त्याला थंडी आल्याचे कळतच नाही आणि बहर लांबतो. भाताच्या जुन्या गरव्या जातीही अशाच, दिव्याखालच्या चार ओळी उशिरा निसवतात. वसईच्या कितीतरी घरांची चूल फुलांवर पेटत आली आहे. दिव्याला वरून टोपी घालून उजेड रस्त्यावरच पडेल असे करणे काही अवघड नाही, फार महागही नाही. पण ती टोपी निविदेत यायची तर निविदा लिहिणाऱ्याला शेवंती कशी फुलते ते कोणीतरी सांगायला हवे.

परदेशातले दाखले देण्याची मला फार हौस नाही. आपल्याकडचे पुढारी तिकडून फक्त छायाचित्रे घेऊन येतात. तरी एक सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात ग्लेनवुड नावाची नदीची अरुंद घळ आहे. त्यातून चौपदरी महामार्ग न्यायचा होता. १९६८ सालीच तिथल्या विधिमंडळाने ठराव केला की माणसाचे कसब आणि निसर्गाचे देखणेपण यांचा इथे मेळ बसला पाहिजे. पुढे नागरिकांची समिती नेमली, अभियंत्यांच्या बरोबरीने वास्तुशिल्पी बसवले, आणि वर्षानुवर्षे वाद घातले. रस्ता पुरा झाला १९९२ मध्ये. सुमारे वीस किलोमीटरमध्ये चाळीस पूल. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा जागोजागी वरखाली केलेल्या, म्हणजे घळीची रुंदी कमी खाल्ली जावी. फोडलेला खडक ताजा दिसू नये म्हणून रंगाने जुना केलेला. खर्च सुमारे एकोणपन्नास कोटी डॉलर. महाग? होय. उशीर? होय. पण आज तिथले अभियंते विद्यार्थ्यांना मुद्दाम तो रस्ता दाखवतात.

सर्वांना विचारत बसलो तर रस्ता होणार कधी, हा प्रश्न यावर ठरलेला. त्यात तथ्य आहे. शंभर माणसांना विचारले तर दीडशे मते येतात, त्यातली काही शेजाऱ्याच्या वाडीवरून रस्ता जावा एवढ्यापुरतीच असतात. गावचे पुढारी खांबापेक्षा खांबाच्या कंत्राटाबद्दल अधिक बोलतात. पण न विचारल्याने तरी वेळ कुठे वाचतो? आमच्याच वसईत १९९० साली सिडकोकडे नियोजन सोपवून हिरव्या पट्ट्याचे भवितव्य ठरवले जाऊ लागले, तेव्हा लोकांना आधी विचारले नाही. मग फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर आली, हजारोंचे मोर्चे निघाले, आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. २०२४ मध्ये फादर गेले. त्यांच्या पिढीने आरडाओरडा केला तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू म्हणणारे आज आपल्या मुलांना घेऊन उरलेल्या वाड्या दाखवायला जातात. न विचारण्याचा वेळ नंतर कोर्टात, मोर्चात आणि स्थगितीत भरून द्यावा लागतो.

तेव्हा विचारावे कसे, एवढे सांगून थांबतो. एक साधी रीत स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथे नवे बांधकाम करायचे तर परवानगीच्या आधी त्या जागेवर उंच काठ्या उभ्या कराव्या लागतात, इमारत जितकी उंच आणि रुंद होणार तितक्याच. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही वाटेने जाता जाता कळते की इथे काय येणार आणि आपले कोणते आकाश जाणार. आपल्याला तर बांबू नवे नाहीत. खाडीत जाळ्यासाठी खुंट रोवणारी, गणपतीचा मांडव एका रात्रीत उभा करणारी माणसे इथे घराघरात आहेत.

उमेळ्याजवळून कोणताही मोठा रस्ता नेण्याचे ठरले, तर हरकतींची सूचना ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी त्याच्या आखणीवर दर पन्नास मीटरला बांबूंची जोडी उभी करावी. रस्त्याची उंची असेल तिथे दोरी, कठड्याची असेल तिथे तांबडे कापड. जिथे भराव ठरला आहे तिथे दोरीखाली जमिनीपर्यंत गोणपाट सोडावे, म्हणजे भिंत म्हणजे काय ते कळेल; खांब ठरले असतील तर मोकळे ठेवावे. हे सगळे पूर्ण तीस दिवस राहू द्यावे, आणि ते दिवस पावसाळ्यातले, मोठ्या उधाणाचे असावेत. प्रकल्पाच्या कोट्यवधींमध्ये या बांबूंचा खर्च चहापाण्याच्या रकमेत बसेल. गावच्या शाळेतल्या मुलांनी आपापल्या दारातून, देवळाच्या पायरीवरून, चर्चच्या पटांगणातून, स्टेशनच्या वाटेवरून त्याची छायाचित्रे काढावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतोच. सुनावणीच्या भिंतीवर ड्रोनच्या चित्राशेजारी तेवढ्याच आकाराची ही चित्रे लावावीत, आणि अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहावे की अमुक ठिकाणाहून डोंगर दिसेनासा होतो, अमुक ठिकाणी गोणपाटाला पाणी टेकले. रात्री दिव्याची जी उंची ठरली असेल तिथे एक कंदील टांगावा. त्याची तिरीप कोणाच्या खिडकीत शिरते आणि कोणाच्या शेवंतीवर पडते, ते महिनाभरात गाव आपणहून सांगेल.